रिकाम्या जागेतली पोफळ

“आक्के, लांब ओळीत पोफळी किती गो?”

“चाळीस.”

“मोजून सांग.”

“त्यात मोजायचं काय? एकवीस वर्षं त्याच ओळीत चढले मी. चाळीस.”

“आज मी एक्केचाळीस धरल्या.”

द्वारकाक्का ओट्यावर सुपारी सोलत बसली होती. तिचा हात थांबला नाही. एक सुपारी सोलली, टोपलीत टाकली, दुसरी घेतली.

अंकुश खाली पायरीवर बसला होता. सव्वीस वर्षांचा. कमरेला आकडी, आकडीत कोयता. त्याच्यासारखा चढणारा गावात दुसरा नव्हता, आणि हे त्याला कोणी सांगायची गरज नसे. तोच सगळ्यांना सांगे.

त्याला चढायला शिकवलं आक्काने. ते मात्र तो सांगत नसे.

पोफळीवर चढणं हे माडावर चढण्यासारखं नाही. पोफळ अंगानं काडी. पन्नास हात उंच जाते आणि जाडी माणसाच्या मांडीएवढीही नसते. शेंड्याशी गेलं की ती वाकते, आणि वाकवायचीच असते. अंगानं झोका द्यायचा, झाड डुलवायचं, पुढच्या झाडाचा गळा हातात आला की मागचं सोडायचं. एकदा चढलं की ओळ संपेपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही.

लांब ओळ झऱ्यापासून ओढ्यापर्यंत. आधी बावीस पोफळी, मग एका झाडाची जागा रिकामी, मग अठरा. त्या रिकाम्या जागेत काही जगत नाही. तीनदा रोप लावलं, तीनदा कुजलं. तिथं बारा महिने चिखल.

म्हणून बाविसावीवरून तेविसावीवर जायला दुप्पट झोका लागतो. बहुतेकांना तो जमत नाही.

दर वर्षी पहिली सुपारी उतरवायच्या दिवशी गाव त्या ओळीखाली जमतं. जो या टोकापासून त्या टोकापर्यंत वरच्यावर जाईल त्याला विरीची टोपी. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचं रुंद, चामड्यासारखं देठ. टोपी काही जरीची नसते. पण ती घातलेल्याला बागेत सगळे वाट देतात.

आणि जो मध्येच खाली उतरेल त्याचा कोयता बायकांना द्यायचा. गवत कापायला.

तो दिवस उद्यावर आला होता.

“कुठं धरलीस ती जास्तीची?” आक्कानं विचारलं.

“मधे. बाविसावीच्या पुढं.”

“तिथं जागा रिकामी आहे.”

“तेच सांगतोय ना मी.”

“सांग मग. नीट सांग.”

“काल सरावाला चढलो. बाविसावीवर गेलो, झोका घेतला, हात पुढं केला… आणि गळा हातात आला. मी म्हटलं, पोचलो. मग समोर बघितलं तर तेविसावी पुढंच होती. जिथं असते तिथंच.”

“मग तू कशावर होतास?”

अंकुशनं सुपारीचं एक साल उचलून अंगणात भिरकावलं.

“कशी होती?”

“बारीक. मनगटाएवढी. हिरवीगार, गुळगुळीत, अंगावर कडी. पानं आपल्या पोफळीसारखी नाहीत. रुंद, आणि कमी.”

“तू तिच्याकडे वाकलास, का ती तुझ्याकडे वाकली?”

“काय फरक पडतो?”

“विचारलं तेवढं सांग.”

“…ती.”

आता आक्काचा हात थांबला.

“काल तुझ्या वजनानं वाकली?”

“वाकली. थोडी.”

“आणि आज?”

दुपारची वेळ होती. ओट्यासमोरची बाग बाहेरून हिरवी आणि आत काळी दिसत होती. पाटाचं पाणी वाजत होतं, तेवढाच आवाज.

“आज नाय वाकली.”

“मनगटाएवढी पोफळ, वर तुझ्यासारखा रेडा, आणि ती वाकली नाय.”

“नाय. उलट बरं वाटत होतं, आक्के. गार. उन्हातून येऊन माठाला गाल लावावा तसं. उतरावंसं वाटेना.”

“हात दाखव.”

“हाताचं काय?”

“दाखव म्हटलं ना.”

अंकुशनं हात पुढं केले.

दहा वर्षं चढलेल्या माणसाच्या हाताला घट्टे असतात. दगडासारखे. त्यावर निखारा ठेवला तरी आधी वास येतो, मग कळतं. अंकुशचे घट्टे तर आक्कानं स्वतः पडताना बघितले होते. आधी फोड, मग रक्त, मग कातडं.

ते गेले होते. तळहात मऊ होते. बारशातल्या पोराचे असतात तसे.

अंकुशनंही तेव्हाच बघितले. दोन दिवस त्याच हातांनी तो जेवत होता.

“हे कधी झालं?” तो म्हणाला.

आक्कानं सुपारीची टोपली बाजूला सारली.

“धाकूचे असेच झाले होते.”

धाकू तिचा नवरा. त्याचं नाव ती सरळ घेत असे. गावातल्या बायकांना ते खटकायचं. आक्काला त्या बायका खटकायच्या.

“धाकूनं तीनदा टोपी घेतली. चौथ्या वर्षी सरावाला चढला आणि संध्याकाळी मला म्हणाला, मधे एक झाड आलंय. मी म्हटलं, ताडी कमी पी. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आज ते वाकलं नाय. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी घ्यायला हात पुढं केला, तर हात मऊ.”

“मग?”

“मग काय. मला बरं वाटलं. आठ वर्षं खरखरीत हातांचा संसार केला होता. मऊ हात कोणाला नकोत?”

तिनं लुगड्याला हात पुसले.

“मी तो हात दोन्ही हातांत धरला. म्हटलं, आज लवकर ये…”

“आणि?”

“चढताना लोकांनी बघितला. उतरताना कोणी नाय. कोयता आकडीसकट बाविसावीच्या शेंड्याला लटकत होता. खाली पडला असेल म्हणून तीन दिवस चिखल उपसला. काही नाय. लोक म्हणाले, पळाला. कुठं तरी दुसरी ठेवली असेल.”

“तुला काय वाटलं?”

“चपला इथंच होत्या. तू बसलायस त्या पायरीशी. पळून जाणारा माणूस चपला घालून पळतो.”

अंकुश पायरीवरून जरा सरकला.

“मग ते काय आहे, आक्के?”

“मला काय विचारतोस? गावात तुझ्याएवढं कोणाला कळतं?”

“आक्के…”

“चल.”

ती उठली. काठी घेतली. अंकुश मागून निघाला, अनवाणीच. ओढा ओलांडून दोघं राईत शिरली.

देवाची राई. तिथं कोयता न्यायचा नाही, म्हणून अंकुशनं तो ओढ्याकाठी दगडावर ठेवला. आत पाणी साचलेलं, काळं, न हलणारं. वर झाडांची इतकी दाटी की भर दुपारी दिवा लावावासा वाटेल.

त्या पाण्यात त्या उभ्या होत्या.

मनगटाएवढ्या. हिरव्यागार. एकेका बुडातून पाच-पाच, सहा-सहा. अंगावर कडी. रुंद पानं, कमी.

“रानपोफळी,” आक्का म्हणाली. “या इथल्या. आपण लावतो त्या इथल्या नव्हेत. त्यांचं बी समुद्रापलीकडून कोणीतरी आणलं. आणलेल्या झाडाला किती जपावं लागतं बघ. पाय ओले हवेत, पण पाणी साचलेलं चालत नाय. डोकं उन्हात, अंगाला सावली. शेजार हवा. एकटी लावलीस तर ऊन लागून खोड फुटतं. आणि यांना काय लागतं? काय नाय. अंधार आणि चिखल. कोणी लावल्या नाहीत, कोणी शिंपल्या नाहीत.”

“मग आपल्या बागेत…”

“बाग कुठं होती? ओढ्याच्या त्या अंगालासुद्धा राईच होती. असंच पाणी, याच उभ्या. धाकूच्या आजानं पाट खोदून पाणी बाहेर काढलं, या तोडल्या आणि पोफळी लावल्या. सगळीकडचं पाणी गेलं. एका जागेचं गेलं नाय.”

अंकुश रानपोफळींकडे बघत होता.

झाडं उजेडाकडे वाकतात. उजेड वरून येत होता, थोडासा. पण या सगळ्या एकाच अंगाला वाकल्या होत्या, ओढ्याच्या पलीकडे. बागेकडे.

वारा नव्हता. तरी एक पान हललं. मग त्याच्या पुढचं. मग त्याच्या पुढचं…

“धर एक,” आक्का म्हणाली.

“मी?”

“नाय तर काय मी? धर गळा आणि पाय उचल.”

अंकुशनं हात लावला आणि पटकन काढून घेतला.

“भ्यालास?”

हा शब्द त्याला चालत नसे. त्यानं दोन्ही हातांनी खोड धरलं, जेवढं उंच हात जाईल तेवढं, आणि पाय वर घेतले.

रानपोफळ वाकली. कुरकुरली नाही, मोडली नाही. वाकत वाकत खाली आली आणि तिनं अंकुशला गुडघाभर चिखलात आणून ठेवलं. त्यानं सोडलं तशी सरळ झाली.

आक्का हसली. दात नव्हते, तरी मोठ्यानं हसली.

“ही खरी. माणसाचं वजन पडलं की जमिनीवर आणून सोडते.”

“आणि ती? मधली?”

आक्का हसायची थांबली.

“ती तुझं वजन शिकतेय. काल थोडं शिकली. आज सगळं.”

दोघं परत निघाली. ओढ्याकाठी अंकुशनं पाय धुतले, कोयता उचलला. अंगणाच्या गडग्याशी येऊन त्यानं विचारलं, “तू एकवीस वर्षं त्या ओळीत चढलीस. तुला ती कधी दिसली नाय?”

“नाय.”

“का?”

“मी तिथून गेलेच नाय.”

“म्हणजे?”

“बाविसावीवरून खाली उतरायची. चिखल तुडवायची. तेविसावीवर चढायची.”

अंकुशला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो हसला. फार वेळ हसला.

“एकवीस वर्षं? आणि मी समजत होतो माझी गुरू वरच्यावर जाते.”

“मला टोपी कोण देणार होतं? बाईला टोपी नाय. टोपी नाय म्हणून लाज नाय. कोयता काढून घेऊन बाईलाच द्यायचा, तर तो माझ्याच हातात होता.”

“तुझं ठीक आहे, आक्के. मी काही बाई नाय.”

“नाय. तेवढं असतं तर वाचला असतास.”

अंकुशचं तोंड लाल झालं.

“मला उपाय सांग. मंत्र, अंगारा, काय असेल ते. ती यायला नको असं काहीतरी.”

“सांगितला.”

“काय सांगितलास?”

“उतर.”

“सगळ्या गावासमोर?”

“गाव काय, आठ दिवस हसेल. नवव्या दिवशी दुसरा कोणी सापडतो हसायला.”

“उतरलो तर पुन्हा कोणाला तोंड दाखवता येणार नाय.”

“आणि नाय उतरलास तर तोंडच राहणार नाय.”

“घाबरट झालीस तू, आक्के. म्हातारी झालीस.”

तो गडगा ओलांडून तसाच गेला. त्याच्या चपला पायरीशी राहिल्या.

आक्का त्या चपलांकडे बघत बसली. टोपलीतल्या सुपाऱ्या तशाच राहिल्या…

सकाळी गाव जमलं. बायका एका अंगाला, बापये दुसऱ्या. बागेचे कारभारी महादूतात्या विरीची टोपी हातात घेऊन ओळीच्या टोकाला उभे होते. वारा नव्हता. पाखरंही नव्हती, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

अंकुश चढला. चढताना एकदासुद्धा खाली बघितलं नाही.

बघण्यासारखंच होतं ते. घड कापायचा, दोरीनं खाली सोडायचा, झोका, हात, पुढची पोफळ. माणूस चढतोय असं वाटत नव्हतं. खालून लोक मोजत होते. दहा. पंधरा. एकवीस.

“बावीस,” लोक म्हणाले आणि मोजायचे थांबले.

अंकुशनं झोका घेतला. एक. दोन. पोफळ कमानीसारखी वाकली. त्यानं उजवा हात रिकाम्या जागेत पुढं केला.

बोटं मिटली. मुठीत काही नव्हतं. निदान खालच्यांना काही दिसलं नाही.

आणि झोका थांबला.

“दम खातोय,” कोणीतरी म्हणालं.

बाविसावी सरळ होऊ लागली. अंकुश अजून तिच्यावर होता. पायांचा फास तिच्याच खोडाला, डावा हात तिच्याच गळ्याला. तरी ती सरळ होत होती, हळूहळू. वर कोणी नसल्यासारखी.

लोक त्याच्या हाताकडे बघत होते. पोफळीकडे एकट्या आक्कानं बघितलं.

ती बायकांतून निघाली आणि चिखलात शिरली. धाकू गेल्यावर एकवीस वर्षं तिनं तो चिखल तुडवला होता. गुडघे गेले तेव्हापासून पाय ठेवला नव्हता. लुगडं बुडत होतं. ती बरोबर त्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि वर बघितलं. वर आभाळाचा एक तुकडा होता. बाकी काही नव्हतं.

“अंकुश.”

अंकुशचा चेहरा झोपेतल्यासारखा झाला होता. डावा हात बाविसावीच्या गळ्यावरून सुटत चालला होता. एक बोट… दुसरं…

“अंकुश, चपला माझ्या पायरीशी राहिल्या तुझ्या.”

तिनं पदराखालून त्या काढल्या आणि वर धरल्या. एकेका हातात एकेक.

गाव हसलं. पोरी तर एकमेकींच्या अंगावर पडल्या. भर मानाच्या वेळी म्हातारी चपला दाखवतेय.

अंकुशनं खाली बघितलं.

चपलांकडे बघितलं. मग आक्काकडे. मग आपल्या उजव्या मुठीकडे.

मूठ उघडायला त्याला वेळ लागला. फार वेळ लागला. त्या मुठीशी तो झगडत होता, ती दुसऱ्या कोणाची असावी तसा.

ती उघडली तेव्हा बाविसावी एकदम वाकली. सगळं वजन एका दमात आल्यासारखी, मोडेल अशी. अंकुशनं दोन्ही हातांनी तिला मिठी मारली आणि घसरत खाली आला. पन्नास हात, सरळ.

चिखलात गुडघाभर रुतला.

मग बापयांतून कोणीतरी शीळ घातली, आणि सगळे सुरू झाले. अंकुश, गवत कुठलं कापायचं सांग. अंकुश, बांगड्या भर. ज्यांना दहाव्या पोफळीच्या पुढं कधी जाता आलं नव्हतं तेच जास्त बोलत होते.

महादूतात्या पुढं आले. टोपी पाठीमागं धरली आणि दुसरा हात पुढं केला.

“रीत आहे बाबा. कोयता.”

अंकुशनं आकडीतून कोयता काढला. त्याचे तळहात सोलून निघाले होते. मुठीला रक्त लागलं.

“द्या इकडं,” आक्का म्हणाली. “बायकांना द्यायचा ना? मी बाई आहे.”

महादूतात्यांनी दिला.

“मग बाईनं त्याचं काय करायचं ते बाई बघेल,” ती म्हणाली, आणि तो अंकुशच्या आकडीत परत अडकवला. “तेविसावीपासून पुढं सुपारी कोण उतरवणार? ही टोपी?”

तात्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली आणि ते मागं सरले.

अंकुश आपले हात बघत होता. रक्त, चिखल, लोंबणारं कातडं. त्यानं ते आक्कापुढं धरले, काल धरले होते तसे.

आक्कानं बघितले. मान डोलावली.

तो तिच्याजवळ वाकला आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं बोलला.

“ती अजून आहे, आक्के. तुझ्या डोक्यावर. मान पुढं करून…”

आक्कानं वर बघितलं नाही. तिनं चपला त्याच्या काखेत खोचल्या आणि चिखलातून बाजूला होऊन त्याला वाट दिली.

“असू दे. जागा तिची आहे. तू चालत जा.”